सुटीचा दिवस आणि सुटीची जागा

रविवारी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर गेले, तर एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. एखाद्या माध्यमिक शाळेतील शिक्षक किंवा जिल्हा परिषदेतील लिपिक पत्नी व मुलांसह कठड्यावर बसलेला असतो. समोर पाणी, पलीकडे शालिनी पॅलेसचा मनोरा, हातात भेळेची पुडी. मुले पाण्यात खडे टाकून पाहतात, आई त्यांना मागे ओढते, वडिलांना एखादा जुना विद्यार्थी भेटतो आणि त्याच्या नोकरीची चौकशी होते. दिवे लागल्यावर ही मंडळी चालतच घरी परततात. दोन अडीच तास गेले आणि खर्च झाला तो चार पुड्या भेळेचा. राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब ठेवणाऱ्याच्या वहीत या सायंकाळची नोंद तेवढीच होते. वारा, पाणी आणि गप्पा यांना बाजारभाव नाही. सबब त्यांना त्या वहीत स्थानही नाही. मात्र त्या कुटुंबाला आठवडाभरातील सुखाचा हिशेब विचारला, तर उत्तरात हीच सायंकाळ आधी येईल.

अशा सायंकाळीला दोन गोष्टी लागतात : मोकळा वेळ आणि मोकळी जागा. पहिली गोष्ट मिळविण्यासाठी या राज्यात मोठा लढा झाला, कायदे झाले आणि आजही तिच्याविषयी चर्चा होते. दुसरीविषयी कोणी फारसे बोलत नाही. ती जणू पूर्वीपासून होती व पुढेही राहील, असे गृहीत धरले गेले आहे. हे गृहीत आता खरे राहिलेले नाही.

साडेपाच हजार सह्या

मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले आणि आठवड्याच्या हक्काच्या सुटीचा पत्ता नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरली. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि महिन्याच्या १५ तारखेपूर्वी पगार, अशा तिच्या मागण्या होत्या. त्या अर्जावर साडेपाच हजारांवर कामगारांनी सह्या केल्या. मागणी किती माफक होती, हे आज वाचताना मनाला लागते. उजेडाच्या वेळेपुरतेच काम असावे, एवढेच ते लोक म्हणत होते. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या सभेला दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो दिवस देवासाठी मोकळा असावा, असाही एक युक्तिवाद त्या काळी करण्यात आला होता. साहेबाच्या प्रार्थनेचा वार आणि कामगाराच्या कुलदैवताचा वार एकच निघाला, हा योग कामगारांच्या पथ्यावर पडला.

शेतीच्या जगात बैलाला बेंदराची किंवा पोळ्याची सुटी परंपरेने मिळत आली आहे. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसासाठी मात्र तशी परंपरा कोणी निर्माण केली नव्हती. ती त्याला सभा भरवून मिळवावी लागली. पुढील वाटचाल कायद्याच्या पुस्तकांत नोंदलेली आहे. १९२२ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास ६० झाले, १९३४ च्या कायद्याने ५४, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे मजूर खाते असताना तयार झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ते ४८ वर आले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तीच मर्यादा कायम राहिली.

या चळवळीतील जाणत्यांना नुसत्या तासांनी भागणार नाही, हे ठाऊक होते. वॉशिंग्टन येथे १९१९ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेलेले ना. म. जोशी यांनीच १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली होती आणि या संस्थेने गिरणगावात वाचनालये व रात्रशाळा चालविल्या. परळचे दामोदर नाट्यगृह याच संस्थेचे. कामगार रंगभूमीच्या कित्येक पिढ्या तेथे घडल्या. कामाचे तास कमी करून मागणारा माणूसच त्या तासांसाठी छप्परही उभे करीत होता, ही गोष्ट आजच्या चर्चेत हरवली आहे. २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी त्या नाट्यगृहाचे दार बंद झाले.

मोकळ्या तासाची किंमत

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत विश्रांती ही एक वस्तू मानतात. मजुरीचा दर वाढत गेला की माणूस प्रथम अधिक काम करतो. एका टप्प्यानंतर मात्र अधिक पैशापेक्षा अधिक सवड त्याला प्रिय वाटू लागते आणि श्रमपुरवठ्याचा वक्र मागे वळतो. याच तर्काने केन्स यांनी १९३० मध्ये असे भाकीत केले होते की, शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तासांचे काम पुरेसे होईल आणि रिकाम्या वेळाचे काय करावे, हाच मानवजातीपुढील मुख्य प्रश्न ठरेल. ती शंभर वर्षे २०३० मध्ये पूर्ण होतील. पंधरा तासांचा आठवडा काही कोठे दृष्टीस पडत नाही.

असे का झाले, याचे एक मार्मिक उत्तर स्टाफन लिंडर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये दिले. कामाच्या एका तासाची कमाई वाढली की मोकळ्या तासाचीही किंमत वाढते. मग महाग झालेला तो तास नुसता बसून घालविणे माणसाच्या जिवावर येते. त्या तासात अधिक वस्तू, अधिक खर्च आणि अधिक प्रवास कोंबण्याची धडपड सुरू होते. तीन दिवस जोडून सुटी आली की पसरणीच्या घाटात मोटारींची जी रांग लागते, ती पाहिली म्हणजे लिंडर यांचा सिद्धांत पटण्यास वेगळा पुरावा लागत नाही. महाबळेश्वरला निवांतपणासाठी निघालेली माणसे निम्मी सुटी घाटातच काढतात आणि परतल्यावर थकवा घालविण्यासाठी आणखी एक रजा मागतात.

अर्थात हे दुखणे पगारदारांचे आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा १९८५ मध्ये मिळाला आणि महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून. त्याबदल्यात रोजचे काम ४५ मिनिटांनी वाढले. शाळा-महाविद्यालये त्यातून वगळली गेली, हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको. परंतु बाजारपेठेतील दुकानात उभा राहणारा नोकर, इमारतीचा पहारेकरी, घरोघर सामान पोहोचविणारा तरुण यांच्या लेखी सुटीचा दिवस म्हणजे बहुधा बुडालेली मजुरीच. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा ९ वरून १० तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे यावर सांगितले जाते. अंकगणित म्हणून ते बरोबर असेल. पण बारा तास काम आणि वर जाण्यायेण्याचा वेळ, असा दिवस ज्याच्या वाट्याला येईल, त्याची त्या दिवशीची सायंकाळ उरतच नाही. चार दिवसांच्या हरवलेल्या सायंकाळी पाचव्या दिवशी एकत्र करून परत देता येत नाहीत. मुलाचा अभ्यास घेणे, वाचनालयात जाणे, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसणे ही रोजची कामे आहेत, साठवून ठेवण्याची नव्हेत.

खासबागेपासून वाचन मंदिरापर्यंत

वेळेपुरता हिशेब येथे थांबवून जागेकडे वळावे. त्यासाठी पुन्हा कोल्हापूरच पाहणे सोयीचे, कारण या शहराला सुटीच्या जागांचा वारसा असामान्य लाभला आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये विलायतेच्या प्रवासात रोमला गेले असता तेथील प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि त्या धर्तीवर खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले. ते १९१२ मध्ये तयार झाले. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. (केशवरावांचा जन्मही १८९० चाच, म्हणजे मुंबईच्या कामगाराला रविवार मिळाला त्याच वर्षीचा.) भरीला पेठापेठांतील तालमी, पंचगंगेचा घाट आणि रंकाळा. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचा पेला हातात मिळतो. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉलचा सामना असला की निम्मे शहर तिकडे लोटते आणि पाटाकडील व खंडोबा या तालमींच्या नावावर घराघरांत वाद होतात. यांपैकी एकाही गोष्टीसाठी गावाची वेस ओलांडावी लागत नाही, की महिनाभर आधी पैसे साठवावे लागत नाहीत.

या सर्व जागांचे आर्थिक स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या कोणी नफ्यासाठी बांधल्या नाहीत. काही दरबाराने, काही नगरपालिकेने, तर काही पेठेतील लोकांनी वर्गणी काढून उभ्या केल्या. एकाने रंकाळ्यावरचा वारा घेतला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचा वारा कमी होत नाही. अशा वस्तू बाजार पुरवीत नाही, कारण प्रत्येकाकडून पैसे वसूल करण्याची सोय त्यांत नसते. त्या सार्वजनिक पैशातूनच निर्माण होतात आणि सार्वजनिक पैशातूनच टिकतात. पैसा आटला की त्या बिघडतात. रंकाळ्यात भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत गेले, केंदाळ पसरले, पाणी हिरवे पडून त्याला दुर्गंधी सुटली आणि सुधारणेच्या योजना मागाहून आल्या. येथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहीतील एक विसंगती स्पष्ट दिसते. तलाव स्वच्छ असताना कुटुंब तेथे जाऊन भेळ खाते, तेव्हा उत्पन्नात नगण्य भर पडते. तलाव नासला आणि तेच कुटुंब पेट्रोल जाळून, तिकीट काढून जलक्रीडेच्या उद्यानात गेले, की उत्पन्न भरघोस वाढते. कुटुंब मात्र पूर्वीपेक्षा सुखी झालेले नसते. फुकट मिळणारी गोष्ट त्याने विकत घेतली, इतकेच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बाहेर जमलेल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी होते, आणि त्यांत नाट्यव्यवसायाशी काडीचाही संबंध नसलेली माणसे पुष्कळ होती. जागा गेल्यावर तिची किंमत कळते, हे खरे. परंतु आगीत जाणाऱ्या जागेचे निदान वृत्त तरी होते. बहुतेक जागा कागदावरच आणि गाजावाजा न होता जातात.

त्याची रीत समजून घेणे आवश्यक आहे. शहराच्या विकास आराखड्यात बगिचा, क्रीडांगण, वाचनालय यांसाठी भूखंड आरक्षित केलेले असतात. तथापि आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो; आणि नोटिशीनंतर ठराविक मुदतीत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, ती वाढत आता चोवीस महिन्यांवर आली आहे. मुदत वाढविल्याने तिजोरी मात्र भरत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर शहरातील जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या दुपटीच्या घरात जातो. मालकाला त्याच्या जमिनीची रास्त किंमत मिळाली पाहिजे, याविषयी दुमत नाही. दहा वर्षे जमीन अडकवून ठेवून त्याला काहीच न देणे हा अन्यायच होय. परंतु पगार आणि पाणीपुरवठा यांतच जेरीस आलेली नगरपालिका अशा वेळी क्रीडांगणाची फाईल सर्वांत खाली सरकविते. मुदत संपते आणि आराखड्यावरील हिरवा ठिपका पुसला जातो. त्यासाठी मोर्चा निघत नाही, कारण तेथे खेळू शकली असती ती मुले कधी खेळलेलीच नसतात.

तिकीट आणि फाटक

लोकांनाच आता भ्रमणध्वनी व मॉल हवे आहेत, तलावाच्या काठी बसण्यात कोणाला रस आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो अगदीच पोकळ नाही. मॉलमध्ये उजेड असतो, गारवा असतो, बसावयास स्वच्छ जागा असते आणि मुख्य म्हणजे स्वच्छतागृह असते. घरातील वृद्ध आई किंवा लहान मुलगी बरोबर असेल, तर ही शेवटची बाब साऱ्या विचाराला पुरून उरते. किती बागांतून आणि घाटांवर ती सोय आहे, हे तेथे जाणाऱ्या कोणत्याही स्त्रीला विचारावे. तेव्हा लोकांची आवड बदलली असे म्हणण्यापूर्वी, त्यांच्यापुढे ठेवलेल्या दोन जागा सारख्या होत्या काय, एवढे तपासले पाहिजे.

शिवाय मोकळी जागा सर्वांना मोकळी होती, असेही नाही. सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव सी. के. बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात मंजूर करून घेतला. तो अमलात येईना म्हणून १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. तळे सार्वजनिक असूनही सर्वांचे नव्हते. जागा कोणाची, हा प्रश्न महाराष्ट्राने तेव्हा जातीच्या फाटकापाशी सोडविण्यास घेतला. आज तेच फाटक तिकिटाच्या रूपाने परत येत असेल, तर ते अधिक सभ्य दिसते म्हणून स्वीकारता येणार नाही. बागेला प्रवेशशुल्क, क्रीडासंकुलाला सभासदत्व आणि नदीकाठाला उपाहारगृहाची खुर्ची, असे होत गेले की सुरक्षारक्षकाची सुटी आणि अधिकाऱ्याची सुटी एका ठिकाणी कधीच येत नाही. रंकाळ्याच्या कठड्यावर ती येते. खासबागेच्या मैदानाच्या पायऱ्यांवरही येते.

ग्रंथालयांच्या बाबतीत राज्याने शहाणपण दाखविले होते. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा; त्याच्या आधाराने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले आणि तुटपुंजे का होईना, पण वर्तमानपत्रे व मासिके चाळण्यास एक टेबल आणि पंखा यांची सोय झाली. स्पर्धापरीक्षेच्या तयारीतील विद्यार्थ्यांना आज हीच टेबले आधार वाटतात. बाग, मैदान, घाट व नाट्यगृह यांच्यासाठी असा नियमित अनुदानाचा कायदा का असू नये? नवीन संकुले बांधण्यास निधी मिळतो, कारण त्यांचे उद्घाटन होते. असलेल्या जागेवरचा दिवा दुरुस्त करण्यास, झाडणाऱ्याचा पगार देण्यास आणि स्वच्छतागृहाला पाणी पुरविण्यास निधी मिळत नाही, कारण त्यांची कोनशिला बसवता येत नाही. अंदाजपत्रकात देखभालीचा वेगळा व अन्यत्र न वळविता येणारा हिस्सा ठेवणे, ही यातील पहिली पायरी ठरेल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही नगरपालिकेच्या हाती नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ त्यांत जातो. पुरुषांचा जातो ८८ मिनिटे, आणि तोही अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा. चार पुरुषांत एखादाच ती करतो. रविवारी तर स्वयंपाकघरातील काम वाढतेच, कारण घरातील सर्वांना त्या दिवशी सुटी असते. १८९० च्या सभेत बोलावयास उभ्या राहिलेल्या त्या दोन गिरणी कामगार स्त्रियांनी रविवार मागितला, तो त्यांना गिरणीपुरता मिळाला. रंकाळ्याच्या कठड्यावर बसलेल्या कुटुंबात आजही सात वाजण्याच्या सुमारास प्रथम घड्याळ पाहते ती आईच. मुले अजून दहा मिनिटे थांबू म्हणतात, वडिलांची गोष्ट अर्धवट असते. पण कणीक मळायची राहिलेली असते आणि ती पिशवी उचलून उभी राहते.